अण्णांचा चिलर

भालकीच्या आमच्या घरमालकांची आणि माझी पहिली भेट माझ्या चहाच्या कपात झाली. मी खोल्या बघायला गेले होते. त्यांच्या बायकोने चहा आणून ठेवला, आणि मी कप उचलायच्या आत समोरच्या गृहस्थांनी शर्टाच्या खिशातून थर्मामीटर काढून त्यात बुडवला.

"अडुसष्ट," ते म्हणाले. "आता घ्या, सिस्टर. सत्तरच्या वर जिभेचं नुसकान हाय."

मी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. थर्मामीटर कुठे कुठे घातला जातो हे मला माहीत आहे. तो चहा मी प्यायले नाही. खोल्या मात्र घेतल्या, कारण बोअरला पाणी होतं, दवाखाना चालत जाण्यासारखा होता आणि यजमान उदगीरला नोकरीला असल्यामुळे मला एकटीला दोन खोल्या पुरत होत्या. घरमालक कसा आहे हे बघून घर घ्यायचं म्हटलं तर माणसाने झाडाखाली राहावं.

सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, त्यांच्या बायकोला अक्का. अण्णांनी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट म्हणून जन्म काढला होता. मळी आंबवायची, गाळायची, टँकर भरून लावून द्यायचे. गळ्यात लिंग, कपाळाला विभूतीचे पट्टे, आणि एवढ्या वर्षांत दारूचा थेंब घशाखाली गेलेला नाही. ते त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आणि पुढेही अधूनमधून सांगत राहिले, मी विसरले असेन म्हणून.

असा हा माणूस निवृत्तीनंतर घरात बियर करत होता.

करत होता म्हणजे फक्त करत होता. तयार झाली की घोटभर तोंडात घ्यायचे, गाल फुगवून इकडून तिकडे फिरवायचे, डोळे मिटायचे आणि बादलीत थुंकायचे. मग तोंड धुऊन विभूती लावायचे. उरलेली सगळी बियर अंगणातल्या शेवग्याला जायची. तो शेवगा दुसऱ्या मजल्याच्या गच्चीवर पोचला होता, पण शेंगा कधी धड लागल्या नाहीत. झाडाला सुद्धा कळत होतं.

"घरात बियर करायला परवानगी लागत नाही का, अण्णा?" मी विचारलं. पोलीस आले तर भाडेकरूलाही उभं करतात.

"पितंय कोन, सिस्टर? मी निरीक्षन करायलोय."

त्यांचं निरीक्षण कुठेही चाले. खटकचिंचोळीला अक्कांच्या माहेरी लग्न होतं, मलाही नेलं होतं. पंगत बसली, गव्हाच्या खिरीसारखी गोड हुग्गी वाढली, सगळे हात पानावर, आणि अण्णांनी खिशातून काचेची नळी काढून हुग्गीत खोवली. शेजारचे दोघे जेवायचे थांबले. वाढपी थांबला. नवऱ्या मुलाच्या मामाला वाटलं, केमिस्ट माणूस आहे, विष-बिष तपासतोय. मग मांडवात जो गोंधळ व्हायचा तो झाला. अक्का उरलेलं लग्न स्वयंपाकघरात तोंड लपवून बसल्या. अण्णांना त्याचं काहीच नाही. "एक्कावन्न," ते म्हणाले. "थंड वाढायलेत. तूप मुरंना."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "घाई केली की स्पिरिट हुतंय, दम धरला की बियर." बस चुकली तरी हेच, गॅसचं सिलिंडर संपलं आणि दुसरं सांगायचं राहून गेलं तरी हेच. दम धरण्याच्या नावाखाली ते कुठलाही निर्णय घेत नसत. माझ्या मागच्या खोलीच्या छपराचा एक पत्रा बदलायला त्यांना दोन पावसाळे लागले. ते दोन पावसाळे माझ्या पलंगाशेजारी पातेलं होतं.

बियर करायची तर बाजारातला तयार माल आणून करावी, तेही नाही. अण्णांना जोंधळ्याची करायची होती. "आपल्या जोंधळ्याची बियर आजून कुनी धड केलेली न्हाई," असं ते एखाद्या राष्ट्रीय अपमानासारखं सांगत. गच्चीवर ओल्या पोत्यांत जोंधळा मोड आणून पसरायचे, वाळवायचे, हाताने चोळून मोड झाडायचे, भरडायचे, मग अंगणात लग्नाच्या पातेल्यात उकळायचे. दुधाच्या मोठ्या स्टीलच्या कॅनना तळाशी तोट्या लावून दोन टाक्या करून घेतल्या होत्या. जिन्याखालच्या कोंदट खोलीत त्या टाक्या बुडबुडत राहायच्या. माझं स्वयंपाकघर त्या खोलीला लागूनच.

आता ही आंबवणी थंडीत व्हावी लागते. बारा-तेरा अंशांवर निवांत चालली तर बियर, नाहीतर नुसती घाण. भालकीत बारा अंश फक्त पौषातल्या पहाटे असतात. म्हणून अण्णांनी आधी टाक्यांना ओली पोती गुंडाळली. मग कूलर लावला. मग बर्फाच्या लाद्या. मग कुल्फीवाल्याचा जुना डीप फ्रीझर आणला, पण त्यात एकच टाकी मावायची आणि सगळ्याला एकच थंडी. अण्णांना एका टाकीला बारा अंश हवे होते, दुसरीला दोन. शेवटी त्यांना समजलं की ह्याला ग्लायकॉल चिलर लागतो.

हे काय असतं ते मला त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की मी ते झोपेत सांगू शकते. एक पेटी. तिच्यात पाणी आणि ग्लायकॉलचं मिश्रण शून्याच्याही खाली थंड होतं, ग्लायकॉलमुळे गोठत नाही. ते नळ्यांतून टाक्यांतल्या वेटोळ्यांत फिरवायचं. ज्या टाकीला जेवढी थंडी हवी तेवढा वेळ तिचा पंप चालतो. एक यंत्र, दोन टाक्या, दोन तापमानं. एवढंच. मिक्सर घेण्याइतकी सोपी गोष्ट.

अण्णांनी हा चिलर दोन वर्षं निवडला.

मुलीला स्थळ बघतात तसं ते बघत होते. भिंतीवर चित्रं डकवली होती. हा आवाज करतो. ह्याचं घर लांब, म्हणजे दुरुस्तीवाला पुण्याशिवाय नाही. ह्याची टाकी छोटी. ह्याचा रंग चांगला आहे पण आतला कॉम्प्रेसर कुठल्या कुळातला ते सांगत नाहीत. एक स्थळ जवळजवळ ठरलं होतं. तेवढ्यात अण्णांना कळलं की तो बत्तीस अंशांच्या हवेत तपासलेला आहे.

"हे यंत्र बत्तीसला जन्मलंय, सिस्टर. आपल्याकडं बेचाळीसला मरंल."

"मग मोठा घ्या."

"मोठा हिवाळ्यात सारखा चालू-बंद हुतंय. त्येनंबी मरतंय."

"मग घेऊच नका."

"घ्यावा तर लागंल," अण्णा म्हणायचे, आणि समाधानाने उठून फोन शोधायला जायचे.

गंमत म्हणजे चिलरच्या आधी त्यांनी ग्लायकॉल घेतलं. मी औषधं आणायला निघाले होते, तेही बरोबर आले. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांच्या दुकानात दुकानदाराने हिरव्या कूलंटचा डबा पुढे केला.

"हेच घेऊन जा अण्णा, सगळ्या ट्रॅक्टरात हेच जातंय."

"ट्रॅक्टर पीत न्हाई," अण्णा म्हणाले. "नळीला भोक पडलं तर हे टाकीत जाईल. घोटभर पोटात गेलं तर मानसाचे मूत्रपिंड जातेत. ह्येच्यात इथिलीन हाय. मला प्रॉपिलीन पायजे, खान्यातलं."

"तुमी तर पीतच न्हाई म्हनं, अण्णा?"

"म्हनून काय विष करू व्हय?"

दुकानदाराने डबा परत फळीवर ठेवला. अण्णांना आपल्या कामातलं कळत होतं, हे मला मान्य करावं लागेल, आणि पुढे जे झालं त्यासाठी तुम्हीही ते लक्षात ठेवा. योग्य ग्लायकॉल हैद्राबादहून मागवलं, आणि तो कॅन वर्षभर माळ्यावर पडून राहिला. नवरीचे दागिने तयार, नवरा नाही.

मला राग यायचा तो त्या फोनचा. अण्णांना कमी ऐकू यायचं आणि घरात रेंज नव्हती. म्हणून ते अंगणात, बरोबर माझ्या खिडकीखाली उभं राहून स्पीकर लावून बोलत. पलीकडून एका तरुण माणसाचा कंटाळलेला आवाज.

"बोला, अप्पा."

"पंप आत बसवलेला घ्यावा का भाहेरून लावावा?"

"आतला चालतोय."

"आतला बिघडला तर सगळी पेटी उघडावी लागतीय."

"मग बाहेरचा लावा."

"भाहेरच्याला धूळ—"

"अप्पा, मला शिफ्ट आहे."

"व्हय. ठेव. विचार करून परत करतो."

कसा आहेस नाही. जेवलास का नाही. तिकडे पाऊस आहे का, एवढं सुद्धा नाही. मला आधी वाटलं, एखाद्या कंपनीच्या माणसाला हे अप्पा म्हणायला लावतायत. मग अक्का एकदा दुखरा गुडघा दाखवायला आल्या तेव्हा त्यांनीच सांगितलं.

तो मुलगा होता. एकुलता एक. इंजिनियर झाला, चांगल्या नोकरीला लागला, आणि एक दिवस ती सोडून बेंगळुरूला एका हॉटेलात गेला, जिथे बियर तिथेच करतात आणि तिथेच वाढतात. बियर करायच्या कामावर. अण्णांनी आकांडतांडव केलं. मी केलं ते टँकरनं जात होतं, तू गिऱ्हाइकाच्या ग्लासात ओतणार, लिंगधारी माणसाचं पोर वेटर झालं. शेवटी म्हणाले, ह्या घराची पायरी चढू नकोस. पोरगंही त्यांचंच. चढलं नाही.

"वरीसभर बोलनं न्हाई," अक्का म्हणाल्या. "मला चोरून फोन करायचा. मग एक दिवस हे उठले आन गच्चीवर जोंधळा भिजत घातले. मला वाटलं डोस्कं फिरलं. दुसऱ्या दिशी त्येला फोन केले. काय इचारावं? मोड किती बोटं येऊ द्यायचे म्हनून. ते पोरगं बी येडं, सांगितलं."

"आणि तेव्हापासून?"

"तेव्हापासून हेच. ह्याच्या आधी यीस्टवर सहा महिने गेले. आता चिलर." त्यांनी गुडघ्यावरून माझा हात बाजूला केला. "तुमी त्येंला रोज म्हनता की, घ्या एकदाचा, घ्या एकदाचा. नका म्हनू, सिस्टर. घेतले की फोन बंद."

मी म्हटलं, "अक्का, दसऱ्याला घरी ये म्हणायला किती वेळ लागतो? एवढे लोखंडाचे डबे कशाला?"

"तेवढं त्येंच्या तोंडातून निघालं असतं तर आमच्या जिन्याखाली हे डबे कामून आले असते?"

मला असल्या पुरुषांचा मनापासून कंटाळा आहे. वॉर्डात रोज बघते. बाप खाटेवर, मुलगा दाराशी, आणि दोघे एकमेकांशी सलाइनच्या बाटलीबद्दल बोलतात. 'अजून किती शिल्लक आहे?' 'अर्धी.' संपला संवाद. बायका रडून मोकळ्या होतात, चहा पितात, घरी जातात. ह्यांना मध्ये एखादी वस्तू लागते. अण्णांची वस्तू जरा महाग होती, इतकंच. तरी त्यानंतर मी 'घ्या एकदाचा' म्हणणं बंद केलं. माझं काय जात होतं?

ते प्रकरण मिटवलं मुलानेच. उन्हाळा भरात होता. अण्णा खिडकीखाली नळीच्या जाडीवर बोलत होते. नळीवर अर्धा इंच वेष्टण लावावं की पाऊण. पलीकडून मुलाने मध्येच तोडलं.

"अप्पा, ऐका. आमच्याकडं नवा मोठा चिलर आलाय. जुना निघालाय, एक हॉर्सपॉवरचा. बेचाळीसला चालंल, पन्नासला चालंल. दोन टाक्यांला लई झालं. आज ट्रान्सपोर्टला टाकतोय."

"पन त्येचा कॉम्प्रेसर—"

"चांगला हाय. मी सोता तीन वर्षं वापरलाय. नळ्या, पंप, वेष्टण सगळं घालतोय. आता काही विचारायचं राहिलं न्हाई. ठेवतो."

अण्णांनी फोन शर्टाच्या खिशात, थर्मामीटरशेजारी ठेवला. अक्का दारात उभ्या होत्या. मी भांडी घासत होते, ती घासत राहिले.

पेटी आली. अक्कांनी नारळ फोडला, गल्लीतल्या चार बायकांनी ओवाळलं, कुणीतरी विचारलं, हा एसी कुठल्या खोलीत लावणार. अण्णा पेटीभोवती फिरत होते. हुंडा नको म्हणणाऱ्या मुलाच्या बापाकडे बघावं तसा चेहरा. खोट दिसत नाही, म्हणजे मोठी असणार.

खोट निघाली नाही. यंत्र जिन्याखाली बसलं, ग्लायकॉलचा कॅन माळ्यावरून उतरला, आणि बेचाळीस अंशांच्या दुपारी एक टाकी बारावर, दुसरी दोनवर. हलायला तयार नाही. आवाज म्हणाल तर मांजर घोरल्यासारखा. अण्णा स्टूल टाकून समोर बसायचे, कान लावायचे, हात लावायचे, थर्मामीटर लावायचे. एकदा आशा वाटली. त्यांनी फोन लावला.

"आवाज करायलंय."

"कसला?"

"तूच ऐक." त्यांनी फोन यंत्राला लावून धरला. मीही खिडकीतून ऐकत होते. मला मांजराशिवाय काही ऐकू आलं नाही.

"छान चाललाय, अप्पा. ठेवतो."

त्यानंतर पावसाळाभर फोन नाही. काय विचारणार?

यंत्राचा एक दोष होता, पण तो अण्णांच्या हिशोबात नव्हता. आतली सगळी उष्णता ते मागून फेकायचं, आणि ते मागचं तोंड अण्णांनी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे केलं होतं. भाकरी करताना मला दोन चुली असल्यासारखं व्हायचं. सांगून बघितलं. "हवा खेळती पायजे, सिस्टर," ते म्हणाले. कुणाच्या घरात खेळती, ते सांगितलं नाही. शेवटी मी खिडकीला आडवी दोरी बांधली आणि त्या झोतात कपडे, कुरडया, सांडगे, जे सापडेल ते वाळवलं. भर श्रावणात आख्ख्या गल्लीत बुरशी न आलेले पापड फक्त माझे. दोन वर्षांच्या त्या संशोधनाचा माझ्या माहितीतला उपयोग एवढाच.

अण्णा वाळत चालले. खायचे कमी, बोलायचे कमी. चहात थर्मामीटर घालायचे पण आकडा सांगायचे नाहीत. अक्का नवरात्र बसण्याआधी म्हणाल्या, "ह्या दसऱ्याला बी येत न्हाई वाटतं." मी म्हटलं, "मग तुम्ही बोलवा." त्या म्हणाल्या, "मी धा डाव बोलावले. पायरी कोन बंद केलंय? उघडायचं बी त्येनंच."

नवरात्रात अण्णांनी जोंधळ्याची नवी आंबवणी घातली. ही साधणार, हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. खोलीतून ताज्या भाकरीसारखा वास येत होता, आणि मलाही, जिला ह्यातलं काही आवडत नाही, तो वास बरा वाटला. "येवढी सरळ कंदीच चालली न्हवती," ते म्हणाले, आणि सांगताना जरासुद्धा खूष दिसले नाहीत.

मग खंडेनवमी आली. आमच्याकडे आयुधपूजा म्हणजे सगळं धुऊन पुसून, हार घालून, त्या दिवशी हत्यार चालवायचं नाही. पण सगळ्यांनाच ते कुठे जमतं. दवाखान्यात आम्ही सकाळी हत्यारं वाफवायच्या ऑटोक्लेव्हला झेंडू लावला, बीपीच्या यंत्राला कुंकू लावलं, पेढे वाटले, आणि लगेच त्याच यंत्राने पुढच्या पेशंटचं बीपी घेतलं. पेशंट थांबत नाहीत.

दुपारी घरी आले तर स्वयंपाकघर गार. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. बाहेर येऊन बघते तर जिन्याखाली चिलरला विभूतीचे तीन पट्टे, झेंडूची माळ, वर लिंबू. आणि तो बंद. मांजर झोपलं होतं.

"लाइट गेलीय का?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. ते स्टुलावर हात जोडून बसल्यासारखे बसले होते. "आज खंडेनवमी हाय. हत्याराला विश्रांती."

आता गेल्याच वर्षी अक्कांनी मिक्सरला हळदकुंकू लावलं होतं तेव्हा हाच माणूस ओरडला होता, मोटरमध्ये पूड जाईल म्हणून. स्वतःच्या स्कूटरला त्यांनी जन्मात फूल वाहिलं नव्हतं.

"आहो, फ्रीज कंदी बंद ठिवलोय का आपन पूजेला?" अक्का आतून म्हणाल्या.

"ते हत्यार न्हाई."

"अण्णा," मी म्हटलं, "टाकीत भरातली आंबवणी आहे ना? पहिले चार दिवस गरम होऊ द्यायची नाही, हे मला सुद्धा ऐकून ऐकून पाठ झालंय."

"मला म्हाईत हाय, सिस्टर," ते म्हणाले. अगदी हळू म्हणाले.

यंत्र दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत बंद राहिलं. आंबवणी स्वतःच्याच उष्णतेने तापते, आणि जिन्याखालची ती खोली तर भट्टीच. दसऱ्याला पहाटे मी दार उघडलं आणि अंगणात नखांचं पॉलिश सांडल्यासारखा आणि पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास. अण्णा टाकीपाशी उभे होते. "एकोनतीस," ते म्हणाले, आणि तेवढ्या पहाटे फोन घेऊन माझ्या खिडकीखाली आले.

"बोला, अप्पा. काय झालं?"

"बिघडली."

"काय बिघडली? चिलर?"

"बियर. चिलर बंद हुता. कालपासून."

"कोण बंद केलं?"

"मी."

"कामून?" तो कंटाळलेला बेंगळुरी आवाज पार उडाला. "कामून बंद केलाव?"

"आयुधपूजा."

पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला. मग तो ओरडायलाच लागला. "आयुधपूजा? तुमी? तीस वर्षं डिस्टिलरीत हुता, एकदा तरी खंडेनवमीला आंबवणीचं गार पाणी बंद केलाव का? येवढं कळत न्हाई तुमाला?"

"न्हाई," अण्णा म्हणाले. "मला कळंना झालंय. ठिवावी का टाकावी, ते बी कळंना. तू यिऊन बघ."

आत अक्कांचा पाटा-वरवंटा थांबला.

"बघायचं काय त्येच्यात? ओतून द्या शेवग्याला."

"तू बघितल्याबिगर मी ओतनार न्हाई," अण्णा म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा फोन त्यांनी आधी ठेवला.

आणि खरोखरच ओतली नाही. तो वास माझ्या पिठात गेला, कपड्यांत गेला, दवाखान्यात डॉक्टरांनी मला विचारलं, सिस्टर, नेलपॉलिश लावता का. मी अण्णांना सांगितलं, आज टाकी रिकामी झाली नाही तर मी खोली रिकामी करते. ते म्हणाले, "दम धरा." मी धरला नसता. पण दुसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेच्या वेळेला एक रिक्षा दारात थांबली आणि अण्णांचंच नाक घेऊन एक दाढीवाला पोरगा उतरला. पायरीशी थांबला. वर बघेना. अण्णा आतून म्हणाले, "चप्पल तितंच काढ, पाय धुऊन ये. टाकीपाशी जायचंय."

झालं. पायरी उघडली.

तो आईकडे सुद्धा बघायच्या आधी जिन्याखाली गेला. तोटी सोडून ग्लासात घेतली, उजेडात धरली, तोंडात घेऊन गाल फुगवले. अण्णांनी त्याच्या हातातून ग्लास घेतला आणि तसंच केलं. दोघे एकाच बादलीत थुंकले. एकाच तऱ्हेने, एकाच बाजूला तोंड वाकडं करून.

"थू," पोरगा म्हणाला.

"थू," अण्णा म्हणाले. "पन आधी चांगली हुती. तुझ्या आईला इचार."

"मी कशाला पितीय?" अक्का म्हणाल्या. त्यांच्या हातात बन्नीची, म्हणजे सोनं म्हणून वाटायच्या शमीची, पानं होती, कालच्या दसऱ्यापासून फडक्यात बांधून ठेवलेली, कडेला वाळलेली. पोराने ती घेऊन आधी त्यांच्या हातात दिली, मग अण्णांच्या, आणि वाकला. अण्णांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच ठेवून म्हणाले, "ताप हाय का रे तुला? कपाळ गरम लागतंय." आणि खिशाकडे हात नेला.

"नक्को अप्पा," पोरगा म्हणाला.

ओतायचं काम त्या दोघांनी मिळून केलं. मग पोरगा चिलरपाशी वाकला आणि मागे वळून विचारलं, "ह्याचं तोंड सिस्टरच्या खिडकीकडं कुनी केलं? त्या बाईला भाजून मारायचंय का?" आणि तासाभरात पेटी फिरवून अंगणाकडे करून टाकली. जे मी पावसाळाभर सांगत होते. पापड मात्र त्यानंतर मला सगळ्यांसारखे गच्चीवरच घालावे लागले.

अण्णांनी ते यंत्र मुद्दाम बंद केलं का, हे मला विचारू नका. अक्कांनी मला विचारलं नाही, मी त्यांना विचारलं नाही. ज्या माणसाने ट्रॅक्टरचं कूलंट डबा बघूनच नाकारलं, त्याला भरातली आंबवणी तापली की काय होतं हे कळलं नाही, असं कुणाला मानायचं असेल तर त्याने खुशाल मानावं. माझ्या मते एका वाक्यासाठी एवढी नासाडी करणारा माणूस हुशार म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही. जोंधळा फुकट, मेहनत फुकट, माझं पीठ फुकट.

माझी बदली होऊन मी आता औरादकडे असते. अण्णांचा फोन येतो. पोरगा वर्षातून तीन-चारदा येतो, कामावर परत जातो, आणि तो वेटर नाही हे अण्णा आता दुसऱ्यांना ओरडून सांगतात. परवा त्यांनी मला विचारलं, तिसरी टाकी घेतलीय, आता चिलर लहान पडायलाय, दुसरा बघायलोय, तुमचं काय मत? पोरगं म्हणतंय दीड हॉर्सपॉवरचा घ्या, पण मला शंका हाय. एक हॉर्सपॉवरवर तीन टाक्या आरामात चालतात, हे एवढ्या वर्षांनी मलाही माहीत झालं आहे.

मागे अक्कांचा वरवंटा चालू होता. ऐकू येत होता.

"अण्णा," मी म्हटलं, "घाई करू नका."